अक्षरामागे चौदा युरो

हाब्बो पाथरवट अक्षरावर पैसे घेतो.
काळ्या दगडावर बोट टेकवून विचारतो,
"आठ, सात की पाच?"

त्यांच्या लिपीत एकेक अक्षर सुटं उभं राहतं,
जोडाक्षराची सवलत नाही.
चर्चच्या वहीत फोस्के उब्बेनचा नवरा आठ अक्षरांचा: माइनहार्ड.
शाळेच्या हजेरीत सात: माइनर्ट.
घरात, गोठ्यात, समुद्राच्या बांधावरल्या वाऱ्यात
पाचच. माइंट.

फार पूर्वी, हा बांधही नव्हता तेव्हा,
माणसं मातीचे उंचवटे रचून भरतीच्या वर राहायची
आणि दोन शब्दांची मोट बांधून पोराला नाव द्यायची.
मागिन म्हणजे बळ. हार्ड म्हणजे कणखर.
एक तुकडा बापाच्या नावातला,
दुसरा कुठल्याशा मामाच्या,
अर्थ जुळला तर जुळला.

मग लॅटिन शिकलेला कुणी साधू आला,
कातड्यावर पिसाने लिहिताना त्याने मागे शेपूट लावलं:
मेगिनहार्डुस.
ते शेपूट गावात कुणी उच्चारलं नाही.

नंतर ग गेला.
कुणी ढकलला नाही. दोन स्वरांच्या मधे
भिजत भिजत विरला,
ओहोटीच्या चिखलात पावलाचा ठसा भरून येतो तसा.
त्याच्यामागून ह.
ह तर नुसता श्वास,
इथल्या वाऱ्यात श्वासाचा हिशेब कोण ठेवणार?
हार्डचं अर्ट झालं. कणखरपणा असा गेला,
कुणाच्या लक्षातही न येता.

नाव पश्चिमेला गेलं तर फ्रेंच जिभेवर मेनार,
शेवटचा ड उंबऱ्याबाहेरच.
जहाजातून इंग्लंडात उतरलं, मेनर्ड.
हॉलंडात उलटंच, मधे एक ड जास्तीचा घुसला:
माइंडर्ट.
कुठून आलास म्हणून त्याला कुणी विचारलं नाही,
पाहुणा राहिला तो राहिलाच.

दिराचं बिऱ्हाड मक्याच्या मुलखात, आयोवात.
आजोबाचं नाव नातवाला, ही चाल तिथेही सुटली नाही,
फक्त नातू सही करतो मेनर्ड.
मागे त्याने पत्रात विचारलं,
काकू, आपलं नाव मुळात इंग्रजी का?
फोस्केनं उलट टपाली विचारलं,
यंदा मका कसा आहे.

बळ आणि कणखर.
आणि हा माणूस
गाईला बाजूला करतानाही "जरा येऊ का" म्हणायचा.
छाती अधू. बांधाच्या पायऱ्या चढताना तीनदा थांबायचा,
समुद्र बघतोय असं दाखवत.
फोस्केही थांबायची.
समुद्र बऱ्याचदा तिथे नसायचाच,
ओहोटीला मैलभर आत गेलेला.
दोघं चिखलाकडे बघत उभे.

"पाच," ती म्हणते.
"स्वस्तात पडतं म्हणून?"
"हाक पाचाचीच मारली मी. आठाची एकदाच,
लग्नात, पाद्रीबुवांच्या मागून."

छिन्नी लागते. एम.
ई.
आय सोपा, एकच उभी रेघ.
एन.
आणि हाब्बो हात पुसतो. साडेतीन वाजले,
चहाची वेळ. मेलेल्यांना घाई नसते, म्हणतो,
आणि लगेच ओशाळतो.

खडीसाखरेवर कढत चहा पडतो, खडा तडकतो.
सायीचा थेंब कडेने सोडायचा, ढवळायचं नाही.
फोस्के दगडाकडे बघते.
चार अक्षरं. पाचव्याची जागा कोरी.

त्यांच्या भाषेत माइन म्हणजे माझा.

जुना मास्तर असता तर म्हणाला असता,
बाई, ह्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही,
हा बळातून झिजत आलेला,
तो साधा सर्वनाम.
बरोबरच आहे. तिलाही ते ठाऊक आहे.

तीन कप हा इथला रिवाज.
पुरे झालं की पाहुण्याने चमचा कपात ठेवायचा,
मग यजमान ओतत नाही.
तिसरा संपतो. हाब्बो छिन्नीकडे बघतो,
मग तिच्या चमच्याकडे.

चमचा अजून बशीतच.
हाब्बो किटली उचलतो.